घारापुरीचा खांब, ग्लॉस्टरशरच्या ओढ्यावर

पुलाखाली जायचं तर पाण्यातल्या दगडांवर एकेक पाऊल टाकत जावं लागतं. काखेत ड्रॉइंग बोर्ड, हातात टेप, वरून रिपरिप पाऊस. तिसऱ्या-चौथ्या दगडावर मी मान वर केली आणि तिथेच थबकले. हा खांब मी आधी काढलेला होता.

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही गेटवेवरून रोज लाँच पकडून घारापुरीला जायचो, मुख्य लेण्याची मोजमापं घ्यायला. खांबांची एक ओळ माझ्या वाट्याला आली होती. खाली चौकोनी बुंधा, वर पन्हळींचा आखूड दंड, त्यावर दाबलेल्या उशीसारखं शीर्ष. त्या वेळी कंटाळा यायचा. पण हाताला ते वळण बसलं ते बसलंच. इथले खांब हुबेहूब तसे नाहीत, तरी तो आखूड, भरदार बांधा ओळखू येतो.

सेझिनकोट ही इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरची जुनी इस्टेट. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या आमच्या ऑफिसने मला त्या दिवशी पुलाची रेखाटनं करायला पाठवलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास इथे घर बांधायला घेतलं. आराखडा त्याचा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल याचा. हिरवट पडलेला तांब्याचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीबाहेर आलेला रुंद छज्जा. आपल्याकडे छज्जा ऊन अडवतो, इथे उन्हाची वाट बघतात, पण त्याची सावली त्या पिवळसर दगडावर पडते तेव्हा मला तो अजिबात उपरा वाटत नाही. आत पाऊल टाकलं की मात्र हिंदुस्थान संपतो. खोल्या पक्क्या इंग्रजी. १८०७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हे घर पाहून गेला आणि पुढे ब्रायटनला त्याचा घुमटांचा राजवाडा उभा राहिला.

बागेत सल्ला होता चित्रकार थॉमस डॅनियलचा. वर सूर्याचं छोटं देऊळ, पुलाच्या कठड्यावर नंदी, खाली झाडाच्या खोडाला वेटोळं घातलेला नाग. हा डॅनियल १७९३ मध्ये मुंबईला आला तेव्हा त्याची गाठ जेम्स वेल्सशी पडली. पुण्यात सवाई माधवरावांचं आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा तोच वेल्स. डॅनियलने त्या मुक्कामात घारापुरी पाहिली, आणि ते खांब इथवर आले.

माझ्याबरोबर आमचे वयस्क पाथरवट होते. चाळीस वर्षं याच भागातल्या चुनखडीच्या दगडावर काम केलेला माणूस. त्यांनी विचारलं, "तिकडे हे खांब किती भार घेतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडखळले. तिकडे छताखाली खांब कुणी उभा केलेलाच नाही. डोंगर आत पोखरत नेला आणि जे काढलं नाही त्याला आपण खांब म्हणतो. आमच्या सरांनी जुने फोटो दाखवले होते: काही खांबांचे बुंधे तुटून गेलेले, शीर्षं नुसती छताला लोंबलेली, आणि छत जागच्या जागी. मी हे सगळं त्यांना सांगितलं.

त्यांनी खांबावर तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "म्हणजे याला काम मिळालं ते इथे."

पाऊस थांबेपर्यंत आम्ही पुलाखालच्या बाकावर बसलो. नंतर मी टेप पुन्हा सोडला. घारापुरीच्या माझ्या कागदावर खांब आणि छत यांच्यामध्ये रेघच नव्हती, दोन्ही एकाच दगडाचे. इथे खांबाचा माथा आणि वरची शिळा यांच्यात सांधा आहे. तो मी सगळ्यात शेवटी, पेन्सिलीला नवं टोक काढून, ओढला.