फिलिडोर पक्कं करणे

काल रात्रीच्या डावाचं वाईट वाटणं सकाळपर्यंत संपायला हवं होतं, ऑनलाइन बुद्धिबळातला ब्लिट्झचा, म्हणजे काही मिनिटांत संपणारा, एक डाव, तसे रोज दहा होतात. पण आज कालचा शेवट लिहून ठेवावा म्हणून जुनी वही काढली आणि मधल्याच एका पानावर माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं सापडलं: फिलिडोर पक्कं करणे. ऑगस्ट २०२१. त्यानंतर मी किती डाव खेळले तो आकडा प्रोफाइलवर दिसतो, इथे लिहवत नाही.

फिलिडोर म्हणजे हत्तींच्या शेवटात एक प्यादं कमी असताना बरोबरी राखायची पद्धत. काल हेच होतं, अगदी हेच. हत्तीविरुद्ध हत्ती, समोरच्याकडे राजापुढचं एक प्यादं जास्त, माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेतच उभा. सरळ बरोबरी. आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर ठेवायचा आणि इकडून तिकडे हलवत राहायचं, त्याच्या राजाला त्या रांगेवर पाऊल टाकू द्यायचं नाही, आणि प्यादं स्वतः त्या रांगेवर आलं की मगच हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत सुटायचं, कारण आता त्या राजाला आडोसा राहिलेला नसतो. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने हे १७७७ मध्ये छापलंय. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि काल घड्याळात अकरा सेकंद असताना प्यादं हलायच्या आधीच मी हत्ती उचलला आणि शह द्यायला मागे पळवला, त्याचा राजा आत शिरला. तिथेही डाव वाचत होता, राजा आखूड बाजूला (प्याद्यापासून पटाची कड जिकडे जवळ तिकडे) न्यायचा म्हणजे हत्तीला शह द्यायला लांबची बाजू मोकळी राहते. मी राजा लांब बाजूला नेला. दोन चालींत दोन्ही चुका.

हरल्याचं काही नाही. ती ओळ. त्या ओळीखालच्या दोन रेघा. एवढ्या रात्री, एवढी झोप, ताईच्या कार्यक्रमात कोपऱ्यात बसून फोनवर खेळलेले ते डाव (त्यावर ती अजून काही बोललेली नाही, आणि मीही), आणि हातात काय तर तीच ओळ. खूप रडू आलं, खरंच आलं. आबांनी ज्या पटावर शिकवलं तो वरच आहे कपाटावर. असो.

दुपारी बसले आणि हरलेले शेवटचे ६० डाव काढले. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, बंद ठेवून. प्रत्येक डावापुढे एकच ओळ लिहायची, हा का गेला, आणि मगच इंजिनला विचारायचं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इंजिन आधी लावलं की ते चूक दाखवतं पण मी तेव्हा काय विचार करत होते ते पुसून जातं, आणि दुरुस्त तर तो विचार करायचाय. ओपनिंगमुळे, म्हणजे सुरुवातीच्या चालींमुळे, गेलेले डाव निघाले ४. चार! आणि माझा सगळा अभ्यास ओपनिंगचा, वर्षानुवर्षं. टॅक्टिक्स, म्हणजे दोन-चार चालींची नेमकी युक्ती, दिसली नाही असे २१, नुसता वेळ संपला असे १२, आणि शेवटच्या टप्प्यात बरोबरीचा किंवा जिंकलेला डाव हातचा घालवला असे २३.

रेटिंगच्या गणिताने १०० गुणांनी वर असलेला खेळाडू खालच्याशी १०० डावांत साधारण ६४ गुण मिळवतो. म्हणजे आज ज्यांच्याशी माझी पन्नास-पन्नास होते त्यांच्याविरुद्ध १४ गुण जास्त, म्हणजेच २८ अर्धे गुण, तेही शंभर डावांत. बरोबरी घालवली की अर्धा गुण जातो. कालचा तसलाच एक. हे लिहिल्यावर जरा शांत वाटलं, कारण इतके दिवस मला वाटायचं की वर जायला वेगळीच काहीतरी बुद्धी लागते आणि ती मला नाही.

आणि मग दादाने मागे सांगितलेला तो प्रयोग आठवला, विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचा, १९७३ चा. डावातली खरी स्थिती पाच सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर जागी परत मांडतो, पण तीच मोहरी कशीही विखरून ठेवली की त्याची आघाडी जवळपास संपते. स्मरणशक्ती वेगळी नसते, ओळखीचे आकार साठलेले असतात. मग माझ्यात काय साठलंय? मी दिवसभर म्हणत होते की एवढं खेळून काहीच झालं नाही. झालंय की. अकरा सेकंद उरले की हात आपोआप शह द्यायला जातो, कारण हजारो वेळा तसाच गेलाय. सराव वाया गेला नाही, तो पक्का बसलाय, फक्त घाईत शह देण्याचा बसलाय. फिलिडोर मी कधी सरावलेच नव्हते, वाचलं होतं.

हे कळल्यावर रडू थांबलं. जे एकदा बसलं ते दुसरंही बसेल, वेळ लागेल.

संध्याकाळी तीच स्थिती मांडली, समोर स्टॉकफिश हे इंजिन, मी बचावात. आधी घड्याळाशिवाय दहा वेळा. मग तीस सेकंदांवर. मग अकरा. अकरावर पहिल्या तीन वेळा हात शह द्यायला गेलाच, चौथ्यांदा थांबला. मग बाजू बदलून प्यादं माझ्याकडे घेतलं, म्हणजे समोरच्याला काय टोचतं ते कळावं. उद्यापासून त्या २३ डावांमधल्या स्थिती, पण मध्ये मध्ये अशा स्थिती मिसळून जिथे काहीच करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. कोड्यांमध्ये माझं रेटिंग डावापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि त्याचं कारण आज पटलं, कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात ते कुणी सांगत नाही.

वहीतलं ते पान फाडणार होते. नाही फाडलं. खाली आजची तारीख टाकून लिहिलं: प्यादं हलेपर्यंत हत्ती हलवायचा तो रांगेतच.

आत्ता दादाचा मेसेज आला, ३+२ (तीन मिनिटं, दर चालीला दोन सेकंद जादा) टाकतेस का. उद्या, म्हटलं, १५+१० असेल तर.