तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे पैसे मोजून मिळतं काय?

आफ्रिकेतल्या सफारीचे फोटो दाखवायला घेतले की पाच मिनिटांत प्रश्न येतोच. "सिंह तोच, हत्ती तोच. मग साध्या सफारीच्या कितीतरी पट पैसे भरून त्या आलिशान कॅम्पमध्ये कशाला जायचं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तंबूतला बाथटब असतो, पांढऱ्याशुभ्र चादरी असतात, मावळतीला झाडाखाली मांडलेले ग्लास असतात. जाहिरातीत दाखवतातच ते, त्यामुळे विचारणाऱ्याला काय बोलणार!

बाथटबसाठी जाऊ नका, एवढं आधी सांगते. (दिवसभर धुळीत बसून आल्यावर तो बरा वाटतो, हे मात्र खरं.) खरे पैसे जातात ते जमिनीचे आणि त्या जमिनीवर गर्दी होऊ न देण्याचे.

दक्षिण आफ्रिकेतच बघा. क्रूगर राष्ट्रीय उद्यान साधारण १९,५०० चौरस किलोमीटरचं. स्वतःची गाडी घेऊन आत फिरता येतं आणि ती मजा काही कमी नाही. पण डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचं नाही, रस्ता सोडायचा नाही आणि फाटक बंद व्हायच्या आत परतायचं. बिबट्या शंभर पावलांवरच्या झुडपाआड गेला की विषय संपला. याच क्रूगरला लागून साबी सँड हे खासगी अभयारण्य आहे. मधलं कुंपण १९९३ साली काढून टाकलं, त्यामुळे सकाळी क्रूगरमध्ये असलेला बिबट्या संध्याकाळी इकडे असू शकतो. इकडे मात्र गाडी त्याच्यामागे झुडपात शिरते, अंधार पडला तरी फिरते. शिवाय एका प्राण्याजवळ दोन-तीन गाड्याच थांबतात. बाकीच्यांनी वायरलेसवर नंबर लावून लांब उभं राहायचं.

केनियात मसाई मारालाही हेच. जुलै ते ऑक्टोबरच्या काळात विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, तेव्हा काठावर गाड्यांची जी दाटी होते ती बघवत नाही. अभयारण्याला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशा कन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या खासगी जमिनी आहेत. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात, मोजकेच तंबू टाकतात आणि मालकांना नियमित भाडं देतात. एवढ्या मोठ्या जमिनीचं भाडं एवढ्या थोड्या पाहुण्यांकडून वसूल करायचं, तर एका रात्रीचा आकडा डोळे पांढरे करणाराच होणार. बोट्स्वानाने तर कमी पाहुणे आणि जास्त दर हे देशाचं धोरणच करून टाकलं. तिथल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात ज्या शांततेचं लोक कौतुक करतात, ती या धोरणाने टिकलेली आहे.

जमिनीखालोखाल पैसे जातात ते माणसांचे, आणि माझ्या मते ते सगळ्यात सत्कारणी लागतात. साबी सँडमध्ये गाडीच्या बॉनेटवर डाव्या कोपऱ्यात एक खुर्ची बसवलेली असते, तिथे ट्रॅकर, म्हणजे जनावराचा माग काढणारा माणूस बसतो. पहाटेची बोचरी थंडी, तुमच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी, आणि हा माणूस सगळ्यांच्या पुढे वारा झेलत वाळूकडे बघत असतो. हात वर झाला की इंजिन बंद. तो उतरतो, वाकतो. आपल्याला तिथे वाळूच दिसते. तो काडीने एका ठशाभोवती गोल काढतो आणि मग आपल्याला पंजा दिसतो. ठशाच्या आजूबाजूच्या वाळूवर दवाच्या थेंबांनी बारीक टिंबं उठलेली, ठशाच्या आत मात्र वाळू गुळगुळीत. म्हणजे दव पडून गेल्यावर जनावर इथून गेलं. ठशावरून एखाद्या किड्याची रेघ गेली असेल तर तो पुन्हा विचारात पडतो. तेवढ्यात लांबून इम्पाला हरणाची धोक्याची हाक येते, ट्रॅकर आणि गाडी चालवणारा गाइड एकमेकांकडे बघतात, आणि गाडी भलत्याच दिशेला वळते. जनावर जवळ आलं की ट्रॅकर पुढची खुर्ची सोडून आत येऊन बसतो. त्याला आत येताना बघून जी धडधड सुरू होते, ती मला तरी प्रत्यक्ष सिंह दिसण्याइतकीच आवडते.

रस्ता सोडून जायची मुभा आहे म्हणून जनावराच्या पाठीच लागणारे गाइडही असतात. पिल्लांजवळ नेणार नाही असं पाहुण्याला तोंडावर सांगणारा गाइड मिळाला, तर पैसे वसूल झाले असं खुशाल समजा.

सगळीकडे पैसा चालतो असं मात्र नाही. रवांडात गोरिला बघायचे तर एका कुटुंबाजवळ जास्तीत जास्त आठ पाहुणे, तेही एकच तास. तुम्ही महालात उतरा नाहीतर साध्या खोलीत, तास तेवढाच. तिथे महागड्या लॉजवर पैसे घालवायला मी तरी सांगणार नाही. सिंहही दिवसाचे वीस-वीस तास लोळत काढतो, तुमचं बिल बघून उठत नाही. आणि काही ठिकाणी थाटमाटच जंगलाच्या आड येतो. नाश्त्याच्या थाळ्या लांबल्या म्हणून गाडी उजाडल्यावर निघत असेल, तर तो कॅम्प कितीही सुंदर असो, माझ्या यादीत नाही.

पैसे मोजकेच असतील तर सगळे दिवस मधल्या दर्जाच्या लॉजमध्ये काढू नका. क्रूगरच्या सरकारी कॅम्पात राहून स्वतः गाडी चालवा आणि शेवटच्या दोन-तीन रात्री खासगी अभयारण्यात घ्या. क्रम उलटा केलात तर नंतर रस्त्यावरून न उतरणारी सफारी नकोशी होते. बुकिंग करताना विचारायचं ते एवढंच: एका गाडीत किती जण बसवता, ट्रॅकर वेगळा असतो का, रात्री गाडी निघते का, आणि पायी फिरवता का. आणि हो, कॅम्पवर छोट्या विमानाने जायचं असेल तर चाकांची कडक बॅग नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी १५ किलोची मर्यादा असते आणि मऊ बॅगच घेतात. तसेही कपडे कॅम्पवर धुऊन मिळतात.