तुम्ही विचारलंत म्हणून: सगळी गाणी 'साकुरा'च कशी?

जपानी शिकायला येणारी मुलं विचारतात, नातेवाईक विचारतात, माझ्या फोनमधली गाण्यांची यादी पाहिलेला प्रत्येक जण विचारतो: 'साकुरा', म्हणजे चेरीचा फुलोरा, या एकाच नावाची इतकी जपानी गाणी कशाला? कंटाळा येत नाही? त्या लोकांना दुसरं काही सुचत नाही का? दरवेळी मी "ऐकून तर बघा" म्हणून विषय बदलते. आज नाही बदलणार.

शेवटच्या प्रश्नाचा मला राग येतो, म्हणून तो आधी. नाओतारो मोरियामा या गायकाचं 'साकुरा' २००३ सालचं. नुसता पियानो आणि एकट्याचा आवाज. केत्सुमेइशी या गटाच्या २००५ सालच्या 'साकुरा'त रॅप आहे, ठेका आहे. कोबुकुरो या गायकजोडीचं 'साकुरा'ही त्याच वर्षी आलं, आणि ते सुरू होतं नाव नसलेल्या फुलापासून. २००६ साली इकिमोनोगाकारी या बँडनं पदार्पण केलं तेही 'साकुरा'नंच, आणि ते तर याच शब्दावर उघडतं. हिकारू उतादाचं 'साकुरा ड्रॉप्स', मासाहारू फुकुयामाचं 'साकुराझाका' वेगळंच. कोणी नाव कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत लिहिलं, कोणी हिरागाना या जपानी अक्षरलिपीत, कोणी रोमन लिपीत. आता सांगा, यात सुचायचं काय राहिलं?

कारण साधं आहे. जपानमध्ये शाळा मार्चमध्ये संपतात आणि एप्रिलमध्ये सुरू होतात. पुष्कळ कंपन्यांचं वर्षही ३१ मार्चला संपतं, बदल्या १ एप्रिलपासून. तोक्योच्या आसपास साकुराचा बहर येतो तो नेमका याच सुमारास. तिथे सगळीकडे दिसणारी सोमेई-योशिनो जातीची झाडं म्हणजे मुळात एकाच झाडाची कलमं, त्यामुळे एका भागातली झाडं जवळजवळ एकदमच फुलतात आणि एकदमच झडतात. 'साकुरा' एवढं कानावर पडलं की कुणीतरी कुणाला तरी सोडून चाललंय हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. कोण, कुणाला, आणि परत भेटणार की नाही, तेवढंच गायकानं सांगायचं.

हे रेकॉर्ड कंपन्यांनाही कळतं, हे मी नाकारत नाही. यातली कितीतरी गाणी फेब्रुवारी-मार्चचा मोका साधूनच बाजारात येतात. पण कोबुकुरोचं आलं ते नोव्हेंबरात. १९९८ मध्ये दोघांची जोडी जमली तेव्हापासूनचं ते गाणं, रस्त्यावर गायलेलं. त्याला हंगामाचा धंदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि नेमक्या त्याच गाण्यानं मला जे दाखवलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तोक्योशेजारच्या कानागावातल्या एका कंपनीत मी कंत्राटावर होते. एका फेब्रुवारीत आमच्या काचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मला छोट्या खोलीत बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी कंत्राट नाही. कारण विचारलं तर "परिस्थिती" एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली. मार्च अखेरीस माझा निरोपसमारंभ झाला. जेवण झाल्यावर सगळे कराओकेला गेलो. शेजारच्या मुलीनं रिमोटच्या पडद्यावर सा, कु, रा अशी तीन अक्षरं दाबली. यादी आली, बोटानं सरकवावी तेवढी पुढे पुढे येतच राहिली. नाव तेच, बाजूला गायक वेगळा. प्रत्येकाचं आपापलं ठरलेलं होतं. काचोंनी कोबुकुरोचं निवडलं.

ते सुरात गायले, मनापासून गायले. शेवटच्या कडव्याला त्यांचा आवाज फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्यांच्या हातात रुमाल दिला. खोलीतल्या कुणालाही वाटलं असतं की त्या रात्री सर्वांत जास्त गमावलं ते त्यांनीच. मग रिमोट माझ्याकडे आला. यादी अजून उघडीच होती. मला इकिमोनोगाकारीचं म्हणायचं होतं, कारण त्यात ओदाक्यू या रेल्वेलाइनची खिडकी आहे आणि मी रोज त्याच लाइनच्या खिडकीतून कामाला जात होते. मी ते लावलं नाही. रिमोट पुढे दिला.

त्याआधीची मी तुम्हाला छातीठोकपणे सांगायची की ही गाणी माणसांना जवळ आणतात. ती बाई खोटं बोलत नव्हती. पण जे बोलायला हवं ते न बोलता सुटायचं असेल, तर हीच गाणी सोय करून देतात, हेही खरं. तीन अक्षरं दाबली की निरोपाचं सगळं तयार मिळतं: डोळ्यांत पाणी, टाळ्या, रुमाल. मला कारण हवं होतं, मिळालं गाणं. काचोंचं रडणं खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. तसं म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

म्हणून विचारू नका की कंटाळा येत नाही का. कंटाळ्यापर्यंत मी पोचलेलीच नाही. मार्च आला की मी तीच यादी लावते, आणि कोबुकुरोचं आलं की कधी पुढे ढकलते, कधी राहू देते. ढकललं तर त्या माणसाचा राग गाण्यावर काढल्यासारखं वाटतं, राहू दिलं तर त्या माणसाला सोडून दिल्यासारखं.

तुम्हाला खरंच ऐकायचं असेल तर मोरियामापासून सुरुवात करा. वाद्यं कमी आहेत, भाषा येत नसली तरी आवाज समजतो. मग इकिमोनोगाकारी. कोबुकुरोचंही ऐका, गाणं उत्तमच आहे. फक्त माझ्यासमोर लावायचं असेल तर आधी विचारा.