चमच्यापासून काट्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचा उद्योग एका लहान भाजणी-यंत्रावर सुरू झाला, तेव्हा पाकिटावर आम्ही एकच सूचना छापत होतो : ‘एका कपाला दोन चमचे पूड.’ कॉफी पारखून घ्यावी, नीट भाजावी, ताजी दळून द्यावी, म्हणजे आपले काम संपले, अशी आमची समजूत होती. कोणता कप, कोणता चमचा आणि कोणते भांडे, हे प्रश्न आम्हाला सुचले नाहीत; ते ग्राहकांनी विचारले.

एकाच घाण्यातली दोन पाकिटे एकाच आठवड्यात परत आली. एका ग्राहकाच्या मते कॉफी पाणचट होती, तर दुसऱ्याच्या मते ती घशाखाली उतरत नव्हती. आम्ही भाजणीला दोष दिला, ती दोनदा बदलली आणि तक्रारी तशाच राहिल्या. अखेर त्या दोघांना आम्ही घरातला नेहमीचा चमचा घेऊन यायची विनंती केली. टेबलावर वजनकाटा ठेवला आणि रोज घेतात तशीच पूड घ्यायला सांगितली. पहिल्याचा सपाट चमचा 5 ग्रॅमांचा भरला, दुसऱ्याचा शीग लावलेला चमचा 9 ग्रॅमांचा. म्हणजे ‘दोन चमचे’ या एकाच सूचनेचा अर्थ एका घरी 10 ग्रॅम होता आणि दुसऱ्या घरी 18 ग्रॅम. त्याच दिवशी आम्ही एकाच चमच्याने हलकी आणि गडद भाजणी मोजून पाहिली. गडद भाजताना बी फुगते आणि वजनाने घटते, त्यामुळे सारख्याच भरलेल्या चमच्यात गडद पूड कमी वजनाची निघते. चमचा जागा मोजतो, कॉफी मोजत नाही, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

मग अभ्यास सुरू झाला. 1950च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये केलेल्या कामातून जो आलेख तयार झाला, तो आजही या व्यवसायात वापरला जातो. पुडीतला साधारण 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरावा, असे तो आलेख सुचवतो. एक लिटर पाण्याला सुमारे 55 ग्रॅम पूड, हे गाळणीच्या कॉफीचे रूढ प्रमाणही त्याच परंपरेतले आहे.

या आलेखाने आमची एक मोठी चूक दाखवून दिली. कॉफी कडू लागते असे कोणी म्हटले की आम्ही ‘पूड थोडी कमी घ्या’ असा सल्ला देत असू. प्रत्यक्षात पूड कमी केली आणि पाणी तेवढेच ठेवले, की त्या थोड्या पुडीतून जास्त पाणी जाते आणि शेवटी उतरणारा कडवटपणाही बाहेर येतो. कप पातळ होतो आणि कडूही राहतो. दाटपणा मुख्यतः पूड आणि पाण्याच्या प्रमाणावर ठरतो, तर कडवटपणा किंवा आंबटपणा बराचसा दळणावर आणि वेळेवर. त्यामुळे दाट पण कडू कॉफीला जाडसर दळण हवे आणि पाणचट पण चवीला बरोबर असलेल्या कॉफीला जास्त पूड. एवढे समजायला आमचे बरेच महिने गेले, आणि त्या काळात ज्यांना आम्ही चुकीचा सल्ला दिला त्यांच्याबद्दल आजही वाईट वाटते.

त्यानंतर आम्ही प्रत्येक भांड्यासाठी वेगळे कार्ड छापू लागलो. फ्रेंच प्रेसला, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने चोथा खाली दाबायच्या भांड्याला, 450 ग्रॅम पाण्यासाठी 30 ग्रॅम पूड, दळण खड्याच्या मिठासारखे जाड आणि वेळ चार मिनिटे. शंकूच्या गाळणीला 250 ग्रॅम पाण्यासाठी 15 ग्रॅम. त्यातले पहिले 30 ते 45 ग्रॅम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबायचे, म्हणजे ताज्या पुडीतला वायू निघून जातो आणि पुढचे पाणी सगळीकडे सारखे मुरते. ‘प्रमाण पाळूनही कप भरत नाही’ अशी तक्रार आली, तेव्हा चोथ्याचे वजन केले. एक ग्रॅम पूड सुमारे दोन ग्रॅम पाणी धरून ठेवते, म्हणून 250 ग्रॅम पाणी ओतले की हाती साधारण 220 ग्रॅमच कॉफी येते. ही ओळ तेव्हापासून कार्डावर आहे.

मोका पॉट म्हणजे शेगडीवर ठेवायचे भांडे, ज्यात वाफेच्या दाबाने पाणी चाळणीतल्या पुडीतून वर चढते. त्याच्या कार्डात आम्ही चुकलो. 1933 साली अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून आलेल्या या भांड्यात पुडीचे माप चाळणीच ठरवते. आम्ही मात्र गाळणीचेच गणित तिथे लावले. लोकांनी चाळणी अर्धी भरली, आणि पाणी मोकळ्या जागेतून वाट काढत निघून गेले. ते कार्ड मागे घेतले. आता त्यावर एवढेच आहे : पाणी झडपेच्या खाली ठेवा, चाळणी काठोकाठ भरा, वरून सपाट करा, दाबू नका. एस्प्रेसोच्या, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीच्या, कार्डावर 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम पेय. थंड पाण्यात 12 ते 18 तास भिजवायच्या कॉफीला आठ भाग पाण्याला एक भाग पूड, आणि पिताना कपातल्या कॉफीइतकेच पाणी तीत मिसळायचे. ही शेवटची सूचना आम्ही आता ठळक अक्षरांत छापतो.

एक टप्पा असा आला की आम्ही प्रत्येकाला काटा घ्यायचाच आग्रह करू लागलो. तेव्हा एका वयस्कर ग्राहक बाईंनी त्यांची पद्धत सांगितली. त्यांनी 250 ग्रॅमचे नवे पाकीट एका डब्यात सपाट चमच्यांनी मोजून ओतले. 50 चमचे भरले, म्हणजे त्या पुडीचा त्यांचा चमचा 5 ग्रॅमांचा. भाजणी किंवा दळण बदलले की त्या पुन्हा मोजतात. आम्ही त्यांच्या परवानगीने ही पद्धत पुढच्या छपाईत पाकिटाच्या मागच्या बाजूला घेतली. ‘एका कपाला दोन चमचे’ ही ओळ जिथे होती, नेमकी त्याच जागी.