सीईए (रक्तातली कॅन्सरची खूण) वाढला होता तो उगाच नाही

बाबांच्या एमआरआयचा रिपोर्ट आला आज, कॅन्सरमुळे जिथून रेक्टम (मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक) काढलं तिथेच, माकडहाडाच्या पुढे परत गाठ आहे. रेडिएशन, केमो, ऑपरेशन सगळं रीतसर झालेलं, मार्जिनपण क्लिअर होती (काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर दिसला नव्हता), त्यामुळे बाबांचं पहिलं वाक्य, "मग हे राहिलं कुठे होतं?" डॉक्टरांनी पेनाने चित्र काढून दाखवलं, जागा एवढीशी, शेजारी लघवीची पिशवी, प्रोस्टेट, नसा, तिथे न दिसणाऱ्या चार पेशी उरल्या तरी पुरतात. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतं म्हणे, म्हणून तर त्या सारख्या रक्ततपासण्या. घरी येऊन वाचत बसले, स्वीडनच्या 1997 च्या अभ्यासात ऑपरेशनआधी पाच दिवस रेडिएशन दिलं तर तिथेच परत येण्याचं प्रमाण 27 टक्क्यांवरून 11 वर आलं, आता तर अजून कमी झालंय, आणि आमचा नंबर नेमका त्यात लागावा!

कुठे पसरलं नसेल तर परत ऑपरेशन, मोठं, कदाचित शौचाच्या पिशवीसारखी लघवीचीही पिशवी पोटावर बाहेर लावावी लागेल. बाबा म्हणाले, "एक डावीकडे एक उजवीकडे, बॅलन्स राहील." डॉक्टर हसले, आई नाही हसली.

सोमवारी पेट (PET) स्कॅन, अजून कुठे पसरलंय का ते बघायला, उपाशीपोटी. बाबांना फार वेळ बसवत नाही, मागे आडवं होता येईल अशी मोठी गाडी कुणाकडे असेल तर फोन करा प्लीज.