तीन शब्दांचे भाषांतर

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाजवळ मी भाषांतराचे काम करते. खरेदीखते, वारस दाखले, शपथपत्रे असेच कागद रोज हाताखालून जातात. 2009 च्या पावसाळ्यात पंचवटीतील एक तरुण निळ्या शाईतले दोन पानी इंग्रजी पत्र घेऊन आला, आणि त्या दोन पानांना मला तीन दिवस लागले.

त्याचे काका हवाई दलात नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग आखून देणारे, होते आणि 1971 च्या डिसेंबरातील युद्धात, एका रात्रीच्या हल्ल्यात, ते गेले. पत्र त्यांच्या वैमानिकाने लिहिले होते. आजोबांनी ते तेव्हा एकट्याने वाचले, "फार चांगलं लिहिलंय," एवढेच घरात सांगितले आणि ट्रंकेत ठेवून कुलूप लावले. 2009 मध्ये आजोबा वारल्यावर ट्रंक उघडली गेली. 83 वर्षांच्या आजीचे म्हणणे असे, की मुलाबद्दल लिहिलेले सगळे तिला मराठीत, एकही ओळ न गाळता ऐकायचे आहे. नातवाने मात्र जाताना हळूच विनंती केली, "मॅडम, जमलं तर थोडं सौम्य करा."

ते दोघे ज्यातून उडत, त्या कॅनबेरा या बाँबफेकी विमानाची रचना समजल्याशिवाय पत्र समजेना, म्हणून मी आमच्या शेजाऱ्यांना गाठले. हवाई दलातील नोकरीत पुण्याच्या तळावर त्यांनी याच विमानांची देखभाल केली होती. 1957 पासून आपल्या हवाई दलात असलेले हे विमान 2007 मध्ये निवृत्त झाले, हे सांगताना त्यांचा आवाज घरातले माणूस गेल्यासारखा झाला. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने विमानाचे नाक काढून दाखवले. बाँबफेकीच्या त्या प्रकारात वैमानिक वर, डाव्या बाजूला काचेच्या घुमटाखाली बसे. नॅव्हिगेटर पुढे, खाली, नाकाच्या पोकळीत. दोघांना जोडणारा खरा धागा म्हणजे इंटरकॉम. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन होते. नॅव्हिगेटरला ते नव्हते, त्याला पॅराशूटसह दारातून उडी मारावी लागे.

हे कळल्यावर पत्रातील दुसरे पान मी पुन्हा वाचले आणि मग बराच वेळ पुढे काही लिहू शकले नाही. विमानविरोधी तोफेचा मारा नाकाला लागला, त्यानंतर इंटरकॉमवर उत्तर येईना. नॅव्हिगेटर जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून वैमानिकाने उडी मारली नाही. परतीची दिशा आणि वेळ नॅव्हिगेटरने हल्ल्यापूर्वीच सांगून ठेवली होती. त्याच आकड्यांवर विमान तळावर आले. "वाटेत मी त्याच्याशी बोलत राहिलो," असे त्याने लिहिले होते. तळावर उतरल्यावर काय दिसले, त्याबद्दल एकच वाक्य होते. नाशिकहून येताना तो सगळ्यांसाठी चिवडा आणायचा, हेही त्याने आवर्जून लिहिले होते. आणि मग, नव्या ओळीवर, तीनच शब्द : आय अॅम सॉरी.

सांत्वनाच्या सरकारी तारेत खेद असतो. त्याचे भाषांतर सोपे आहे. पण हे तीन शब्द इंग्रजीत दुःखही सांगतात आणि क्षमाही मागतात, मराठीत मात्र लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते. "मला फार दुःख होत आहे" लिहिले, तर एका तरुणाने मनावर घेतलेला दोष मी पुसून टाकणार. "मला क्षमा करा" लिहिले, तर कदाचित त्याने कधीच न दिलेली कबुली मी त्याच्या तोंडी घालणार. कायद्याच्या कागदात अशा जागी मी दोन्ही अर्थ देऊन तळटीप लिहिते. आईला तळटीप कशी वाचून दाखवायची? सौम्य मात्र मी काहीही केले नाही. ज्याने नाकातले ते दृश्य पाहूनही आईला खरे लिहायचे धैर्य दाखवले, त्याचे वाक्य बोथट करण्याचा मला अधिकार नव्हता.

काळाराम मंदिरामागच्या त्यांच्या जुन्या घरी जाऊन मी पत्र वाचले. आजी पाटाएवढ्या लहान स्टुलावर, भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. शेवटच्या ओळीशी मी थांबले आणि अडचण जशीच्या तशी सांगितली.

"म्हणजे त्याला वाईटही वाटलं आणि तो माफीही मागतोय?"

"दोन्ही असू शकतं, आजी."

"मग दोन्ही लिही. माझ्याजवळ दोन्हीला जागा आहे." जरा वेळाने त्यांनी विचारले, "ह्यांनी उत्तर धाडलं होतं का गं?"

नातवाने मान हलवली. आजोबांच्या कागदांत तसे काही सापडले नव्हते.

"अडतीस वर्षं झाली. त्या पोराला वाटलं असेल, आम्ही रागावलो."

त्यांनी तिथेच उत्तर सांगायला सुरुवात केली आणि मी गुडघ्यावर वही ठेवून लिहून घेतले. तू त्याला एकट्याला सोडलं नाहीस, त्याला घरी आणलंस, म्हणून मला त्याचा चेहरा पाहता आला, असे त्या म्हणाल्या. तुझी मुलंबाळं किती, ते कळव. कधी नाशिकला आलास तर गंगेवर न जाता आधी घरी ये.

इंग्रजी प्रत मी त्याच संध्याकाळी तयार केली. जुन्या पत्रावर फक्त युद्धकाळातील तळाचा पत्ता होता, म्हणून पाकिटावर त्याचे नाव, तेव्हाचा हुद्दा आणि खाली "हवाई दल मुख्यालय, नवी दिल्ली" असे लिहून मी ते रजिस्टर पोस्टाने रवाना केले.