पाच गोसावी कुणालाच नको होते

२०२० चा एप्रिल. लॉकडाऊन होता, घराबाहेर पडायचं नाही, त्यामुळे टीव्ही सकाळी लागायचा तो रात्री झोपतानाच बंद व्हायचा. बाबा सोफ्यावर, मी खाली सतरंजीवर लॅपटॉप घेऊन, आणि समोर आठ चौकोनांत आठ माणसं एकाच वेळी ओरडतायत. विषय पालघर. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांना जमावाने पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारलं. त्यातले म्हातारे साधू पोलिसाचा हात धरून चौकीतून बाहेर येतायत, तो व्हिडिओ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. हात धरलाय हो त्यांनी, विश्वासाने. मला अजून तो हात दिसतो.

त्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, किडन्या काढून नेतायत, असल्या अफवा बरेच दिवस चालू होत्या. लोक रात्रीचे काठ्या घेऊन पहारा देत होते, त्यात ही गाडी सापडली. पण चॅनेलवर अफवा हा शब्द शोधावा लागत होता. तिथे चर्चा एकच, मारणारे कोण, कुठल्या धर्माचे, कुणाचा कट. शेवटी २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली आणि सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. राज्याच्या गृहमंत्र्याला हे सांगायला लागतं म्हणजे आठवडाभर टीव्हीने काय पेरलं असेल विचार करा. आणि यादी आल्यावर तरी अँकर थांबले का, तर नाही, कट फक्त दुसऱ्या दिशेला सरकवला.

मी बाबांना म्हणलं, "बाबा, तुम्हाला राईनपाडा आठवतं?"

बाबा म्हणाले, "कुठला पाडा?"

बाबा रोज दोन पेपर वाचतात. त्यांना नाही आठवलं. मग मी अजून चारपाच जणांना फोनवर विचारलं तर त्यांनाही नाही.

तर सांगते. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथे आले होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी माणसं. तिथेही तीच अफवा, मुलं पळवणारी टोळी, मोबाईलवरून फिरत फिरत आलेली. कुणीतरी म्हणलं हे एका लहान मुलीशी बोलले, झालं, बाजारातला जमाव अंगावर आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडलं आणि तिथेच, म्हणजे सरकारी खोलीत, भिंतीवर योजनांचे बोर्ड लावतात तसल्या खोलीत, पाचही जणांना मरेपर्यंत मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, कारण देशभर अशीच माणसं मारली जात होती.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा ना. अफवा तीच. दोन्ही गावं आदिवासी भागातली. मेलेले दोन्हीकडे भटकणारे, देवाधर्माच्या नावाने जगणारे. भगवा त्यांच्याही अंगावर असतो. मग दोन साधूंसाठी देश पेटून उठला आणि पाच गोसाव्यांची बातमी चार दिवसांत विरली, असं का? मला जे वाटतं ते सरळ लिहिते. गडचिंचल्याच्या बातमीत सुरुवातीला दुसऱ्या धर्मावर बोट ठेवता येत होतं, नंतर विरोधातल्या सरकारवर ठेवता येत होतं. राईनपाड्यात बोट ठेवायला फक्त आपण होतो, आपला मोबाईल, आपला जमाव, आणि भटक्यांकडे बघायची आपली नजर. ती बातमी विकली गेली नसती.

पुढाऱ्यांचं तर काय बोलावं. २०१८ ला भाजप-शिवसेनेचं सरकार, गृहखातं मुख्यमंत्री फडणवीसांकडेच. २०२० ला महाविकास आघाडी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे. भाजप एकदा सत्तेत, एकदा विरोधात. काँग्रेस-राष्ट्रवादीचं बरोबर उलटं. शिवसेना तर दोन्ही वेळेला सत्तेतच. सत्तेत असलं की "अफवांमुळे घडलेली दुर्दैवी घटना, तपास चालू आहे" आणि विरोधात असलं की "कायदा-सुव्यवस्थेचे धिंडवडे". खुर्ची बदलली की भाषण बदललं. मेलेल्या माणसाच्या बायकोने कुठलं भाषण खरं धरायचं?

आणि पालघर एवढं मनाला लागलं होतं म्हणणाऱ्यांनी काय केलं? त्या वेळी ज्या स्थानिक राष्ट्रवादीच्या नेत्याकडे भाजपने बोट दाखवलं होतं, त्यालाच नोव्हेंबर २०२५ मध्ये, नगरपालिकेच्या निवडणुका तोंडावर असताना, भाजपने पक्षात घेतलं. ओरड झाली तशी लगेच प्रवेशाला स्थगिती. तो माणूस गुन्ह्यात होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की आरोप खरा वाटत होता तर घेतला कसा आणि खोटा होता तर साडेपाच वर्षं माफी का नाही मागितली. साधूंच्या मरणावर एवढं बोललेली माणसं ही, निदान त्या मरणाचा तरी मान राखायचा.

त्याच एप्रिलची दुसरी गोष्ट. टीव्हीवर पालघरच्या आधी तबलिगी जमात, म्हणजे मुस्लिम धर्मप्रचारकांची संघटना, चालू होतं. दिल्लीत निजामुद्दीनला त्यांचा कार्यक्रम झाला, त्यातून लागण पसरली हे खरं, तेवढी गर्दी जमवायलाच नको होती. पण तिथून गाडी कुठे गेली? मुद्दाम कोरोना पसरवतायत, जिहाद, काय काय. आमच्या सोसायटीत भाजीवाल्याला नाव विचारायला लागले होते लोक. शिकलेले लोक, गेटवर उभं राहून, "नाव काय रे तुझं?" तो पोरगा खाली मान घालून गाडी ढकलत निघून गेला, मी गॅलरीतून बघितलं आणि खाली गेले नाही. याची मला अजून लाज वाटते. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. परदेशी लोकांविरुद्ध माध्यमांनी मोठा अपप्रचार केला, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं कोर्टाने निकालात लिहिलं. त्या निकालावर किती रात्री आठ चौकोन बसले? मी तरी एकही नाही बघितली. तो भाजीवाला पण परत नाही आला आमच्याकडे.

आणि आपण प्रेक्षक तरी वेगळे आहोत का? जून २०१४, पुण्यातलं हडपसर. फेसबुकवरच्या कुठल्यातरी पोस्टवरून तणाव होता आणि त्या पोस्टशी काही संबंध नसलेला आयटीत काम करणारा मुस्लिम तरुण रस्त्यात मारला गेला. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. जून २०२२, अमरावती. पैगंबरांबद्दल बोलल्यावरून वादात सापडलेल्या भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा, त्यांच्या बाजूने पोस्ट पाठवली म्हणून एका औषध दुकानदाराचा रात्री घरी जाताना गळा चिरला. माझ्या नात्यातल्या ग्रुपवर अमरावती शंभर वेळा आलं, हडपसर एकदाही नाही. कॉलेजच्या ग्रुपवर हडपसरवर लांबलचक लिहिणारे मित्र अमरावतीच्या वेळी दोन दिवस गप्प होते, आणि बोलले ते "पण आधी त्या बाईने काय बोललं ते बघा" असं. दोन्हीकडे माणूस घरी निघाला होता हो. दोन्हीकडे घरी वाट बघणारं कुणीतरी होतं. ज्या मित्रांना मी आपले मानते त्यांनी तो "पण" लावला याचा मला जास्त राग आला, नात्यातल्या ग्रुपवरच्या काकांचा तेवढा नाही आला, कारण काकांकडून अपेक्षाच सोडली होती. हेही बरोबर नाही, माहितीये.

मागच्या महिन्यात नात्यातल्या ग्रुपवर पुन्हा पालघरचा तो व्हिडिओ आला, खाली नेहमीचं, विसरू नका, माफ करू नका. मी पहिल्यांदाच काहीतरी टाकलं. राईनपाड्याबद्दल दहाबारा ओळी, तारीख, गाव, ग्रामपंचायतीची खोली. कुणी काही बोललं नाही. रात्री नऊला आत्याचा फोन आला.

"अगं, तू लिहिलंस ते पाच जण, ते पण गोसावीच होते?"

"हो आत्या. डवरी गोसावी."

"आपल्या गावाला यायचे बघ माझ्या लहानपणी. आई सुपातून पीठ घालायची त्यांना." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. "एवढं झालं आणि आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही गं?"